चार मिलिअँपचं शून्य

कुठल्याही फॅक्टरीतलं कंट्रोल पॅनल उघडलं की आत वायरींचा नुसता गुंता दिसतो, पण त्यातल्या ज्या वायरी फिल्डमधल्या ट्रान्समीटरकडून, म्हणजे टाकी, भट्टी अशा ठिकाणी माप घेऊन ते पाठवणाऱ्या यंत्राकडून, येतात त्यांतल्या बहुतेकींमधून एकच गोष्ट वाहत असते, ४ ते २० मिलिअँप करंट. टाकी पूर्ण रिकामी असेल तर ४, पूर्ण भरली असेल तर २०, निम्मी असेल तर १२. प्रेशर असो, टेम्परेचर असो, फ्लो असो, सगळ्यांचा हिशोब तोच. नवीन ट्रेनी आले की लूप, म्हणजे ट्रान्समीटरपासून पॅनलपर्यंतचं सर्किट, चेक करताना मल्टीमीटर सिरीजमधे लावतात आणि पहिल्या एकदोन दिवसांतच कुणीतरी विचारतं, मॅडम हे चारपासून का सुरू होतं, सरळ ० ते २० ठेवलं असतं तर गणित किती सोपं झालं असतं. मला हा प्रश्न फार आवडतो. इतकी वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमधे काढली तरी त्याचं उत्तर देताना अजून तितकंच बरं वाटतं.

शून्य करंट दोन कारणांनी येऊ शकतो. टाकी खरोखर रिकामी झाली म्हणून, नाहीतर केबल ट्रेमधे उंदरानं वायर कुरतडली म्हणून. ० ते २० ठेवलं असतं तर पॅनलसमोर बसलेल्या ऑपरेटरला दोन्ही वेळेला हुबेहूब तेच दिसलं असतं, त्याने टाकी रिकामी आहे असं समजून पंप चालू केला असता आणि भरलेल्या टाकीत आणखी माल गेला असता. चारपासून सुरू केल्यामुळे रिकामी टाकीसुद्धा बोलत राहते, की मी आहे, वायर शाबूत आहे, फक्त माझ्यात काही नाही. आणि करंट खरंच शून्यावर आला की कळतं, आता आपल्याला टाकीबद्दल काहीच माहीत नाहीये. रात्री सोसायटीत गुरखा काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरतो ना, तसंच हे. त्या शिट्टीत काही बातमी नसते, पण ती ऐकू येतेय तोवर गुरखा जागा आहे एवढं नक्की.

याला आमच्या लाइनमधे लाइव्ह झिरो म्हणतात. आणि ही कल्पना इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधीची आहे बरं का. त्याआधी सगळा कंट्रोल हवेच्या दाबावर चालायचा, ३ ते १५ पीएसआय, पातळ नळ्यांमधून, तिथेही तळ तीनला होता कारण नळी फुटली की दाब शून्य होणार आणि ते वेगळं कळायला हवं. नंतर करंट आला तेव्हा हीच शिस्त तशीच्या तशी पुढे आली, वर आणखी एक फायदा झाला, त्या खालच्या चार मिलिअँपवर ट्रान्समीटर स्वतःही चालतो, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्याच दोन वायरींवरून २४ व्होल्ट जातात आणि त्याच दोन वायरींवरून माप परत येतं. पुढे जर्मनीतल्या नामूर या प्रोसेस इंडस्ट्रीच्या संघटनेनं अजून एक बारकावा घातला, ३.८ ते २०.५ हे माप समजायचं आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर करंट गेला तर तो बिघाडाचा निरोप. म्हणजे ट्रान्समीटरला स्वतःच्या आतच काही गडबड सापडली तर तो मुद्दाम करंट तिकडे नेऊन ठेवतो, की माझ्यावर विश्वास ठेवू नका.

भट्टीचं उदाहरण तर याहून छान आहे. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या, टोक तापलं की दुसऱ्या बाजूला अगदी बारीक व्होल्टेज मिळतं, के टाइपला एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, बस एवढंच. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत ही तार कधी ना कधी जळून तुटतेच. तुटली आणि कंट्रोलरने व्होल्टेज नाही म्हणजे भट्टी थंड आहे असं समजलं तर तो हीटर फुल्ल चालू ठेवेल आणि आतल्या जॉबची, म्हणजे तापवायला ठेवलेल्या मालाची, भट्टीची, कधीकधी शेडची राख होईल. म्हणून कंट्रोलरमधे एक सेटिंग असतं, थर्मोकपल ओपन झालं की रीडिंग एकदम वर न्यायचं, म्हणजे कंट्रोलरला वाटतं भट्टी खूपच तापली आणि तो हीटर बंद करतो. आणि जिथे उलट धोका आहे, म्हणजे काहीतरी गोठायची भीती आहे, तिथे तेच रीडिंग खाली न्यायचं. आपला सेन्सर मेल्यावर प्लांट कुठल्या बाजूला झुकेल हे कुणीतरी शांतपणे बसून, भट्टी पेटवायच्या आधी ठरवलेलं असतं. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं, आणि काळजीसुद्धा.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. सेन्सरला ‘मला माहीत नाही’ असं म्हणता आलं पाहिजे आणि ते समोरच्या माणसाला नीट दिसलं पाहिजे. फॅक्टरीवाल्यांनी हे शिकायला बरीच किंमत मोजली. आणि आता घराघरात, शेतात, दवाखान्यात, डेअरीत जे मोबाइलला जोडलेले स्वस्त सेन्सर आलेत त्यात नेमकं हेच हरवत चाललंय. याचा मला मनापासून त्रास होतो.

माझी पहिली नोकरी कोकणातल्या एका एमआयडीसीत, केमिकल प्लांटमधे. तिथे एक सीनियर टेक्निशियन होते, सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही. डिग्री वगैरे नाही, आयटीआय करून लागलेले, पण प्लांटमधला प्रत्येक ट्रान्समीटर त्यांना त्याच्या टॅग नंबरसकट पाठ. एका नाइट शिफ्टला स्क्रीनवर एका टाकीच्या लेव्हलचा ट्रेंड बघता बघता काका उठले, टॉर्च घेतला आणि म्हणाले, चल, रेघ सरळ झालीय. मला काही समजलं नाही, लेव्हल ६२ टक्के, अलार्म नाही, करंट व्यवस्थित, लूप हेल्दी. काका म्हणाले, अगं टाकीत ढवळणी फिरतेय, पंप चालू आहे, लेव्हल हलायला नको का जराशी? पट्टीनं आखल्यासारखी लेव्हल कुठल्या टाकीची असते सांग मला. आम्ही गेलो, डीपी ट्रान्समीटर होता, म्हणजे दाबातल्या फरकावरून लेव्हल काढणारा, टाकीच्या तळापासून ट्रान्समीटरपर्यंत येणारी बारीक नळी, इम्पल्स लाइन म्हणतात तिला, ती आतून मालाचे खडे होऊन चोक झाली होती. त्यामुळे चोक झाला त्या वेळचा दाब नळीतच अडकून बसला होता आणि ट्रान्समीटर बिचारा तोच दाब इमानेइतबारे मोजत होता. नळी फ्लश केली तशी लेव्हल ६२ वरून पार ८० च्या पुढे गेली.

त्या रात्री मला कळलं की लाइव्ह झिरोसुद्धा सगळं पकडत नाही. वायर तुटली ते पकडतो, ट्रान्समीटर आतून बिघडला ते पकडतो, पण सेन्सर जिवंत असून त्याच्यापर्यंत खरी गोष्ट पोचतच नसेल तर करंट सगळे नियम पाळून खोटं सांगतो. त्यासाठी काका लागतात. म्हणजे काकांना जे माहीत होतं ते, की खऱ्या मापात कायम थोडी थरथर असते, आणि ती थांबली की चालत जाऊन बघायचं. आता बऱ्याच चांगल्या ट्रान्समीटरमधे हीच गोष्ट सॉफ्टवेअरने करतात, सिग्नलमधली बारीक थरथर मोजत राहायची आणि ती अचानक मेली तर इम्पल्स लाइन चोक झाली असं कळवायचं. हे फीचर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काकांचीच आठवण आली.

आणि हा प्रकार किती लांब जाऊ शकतो ते बघायचं असेल तर इंग्लंडमधल्या बन्सफील्डचा अपघात वाचा, प्रत्येक इन्स्ट्रूवाल्यानं वाचलाच पाहिजे. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट, हेमल हेम्पस्टेडजवळचा पेट्रोल-डिझेलचा मोठा डेपो. ९१२ नंबरच्या टाकीत पाइपलाइनमधून पेट्रोल भरणं चालू होतं. पहाटे तीनच्या सुमाराला लेव्हल गेज अडकला, स्क्रीनवर आकडा होता तिथेच थांबला, टाकी मात्र भरत राहिली. आकडा वर जाईना म्हणून गेजवर अवलंबून असलेले अलार्मही वाजले नाहीत. शेवटचा उपाय म्हणून टाकीच्या टोकाला एक वेगळा हाय लेव्हल स्विच होता, त्याचा गेजशी काही संबंध नव्हता, त्यानं तरी पाइपलाइन बंद करायला हवी होती, पण त्याची टेस्ट करायची जी दांडी असते ती कामाच्या स्थितीत पक्की राहावी म्हणून एक कुलूप लावायचं असतं, ते लावलेलंच नव्हतं, बसवणाऱ्यांना वाटलं कुलूप फक्त कुणी छेडछाड करू नये म्हणून आहे. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल वरून सांडलं, थंडीत त्याचा वाफेचा ढग जमिनीलगत पसरला आणि ६ वाजून १ मिनिटाला स्फोट झाला. रविवारची पहाट नसती, आसपासची ऑफिसं भरलेली असती तर काय झालं असतं याची कल्पनाच करवत नाही. जखमी चाळीसहून जास्त, मृत्यू एकही नाही, हे निव्वळ नशीब. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तो गेज ऑगस्टच्या अखेरपासून तोवर १४ वेळा अडकला होता. चौदा वेळा रेघ सरळ झाली होती.

त्याच वर्षी मार्चमधे अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत याच्या पुढचं काहीतरी घडलं. तिथे आकडा थांबला नव्हता, हलत होता, पण उलटा. १७० फूट उंच टॉवर वरपर्यंत भरत चालला होता, आणि लेव्हल ट्रान्समीटरचा आवाका खालच्या जेमतेम नऊ-दहा फुटांचाच, वर त्याचं कॅलिब्रेशन कुठल्यातरी जुन्या डेटाशीटवरचं, म्हणून माल तापत गेला तशी तो लेव्हल हळूहळू कमी होतेय असं दाखवत राहिला. जवळजवळ १५८ फूट माल चढला होता तेव्हा स्क्रीनवर ७८ टक्के होते. १५ माणसं गेली. ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे, पण ज्याच्यासमोर एकच आकडा आहे आणि तो शांतपणे खाली येतोय, त्याने संशय घ्यायचा तरी कशावरून? मोजमापाच्या बाहेर गेलेल्या सेन्सरने मी माझ्या आवाक्याबाहेर आहे असं सांगायला हवं होतं, त्याला तशी सोयच दिलेली नव्हती.

आता स्वस्त सेन्सरकडे येते. इंजिनीअरिंगच्या मुलांनी आयओटीचा, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचा, प्रोजेक्ट केला की त्यात हमखास एक टेम्परेचर सेन्सर असतो, डीएस१८बी२०, काळा, तीन पायांचा, नाहीतर स्टीलच्या नळीत भरलेला वॉटरप्रूफ. सेन्सर चांगला आहे, उणे ५५ ते १२५ डिग्रीपर्यंत चालतो, मलाही आवडतो. पण त्याची एक खोड आहे. पॉवर आली आणि त्याने अजून एकदाही मोजलेलं नसेल तर तो ८५ डिग्री असं उत्तर देतो. ८५! जे त्याच्या रेंजमधलं अगदी शक्य असलेलं तापमान आहे. उलट तो सेन्सर वायरवर सापडलाच नाही तर आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जी तयार प्रोग्रॅमची लायब्ररी सगळे वापरतात ती उणे १२७ असा आकडा देते, जो या सेन्सरला कधी मोजताच येणार नाही, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच कळतं की काहीतरी सुटलंय. माझ्या मते उणे १२७ हा प्रामाणिक आकडा आहे आणि ८५ हा धोकादायक, कारण तो खऱ्यात मिसळून जातो. एखाद्या पोरानं तासाची सरासरी काढायचा प्रोग्रॅम लिहिला असेल तर लाइट जाऊन आल्यावरचे ते ८५ गुपचूप सरासरीत जाऊन बसतात, आणि कोल्ड स्टोरेजचा ग्राफ थोडासा वर दिसतो, इतका थोडासा की कुणी विचारणार नाही.

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. गेल्या काही वर्षांत तिकडे बागांमधे छोटी हवामान केंद्रं बसलीत, एका खांबावर सोलर पॅनल, तापमान-आर्द्रता, पाऊस, वारा, जमिनीतला ओलावा, आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे सांगणारा एक पानासारखा चपटा सेन्सर. हा लीफ वेटनेसचा सेन्सर म्हणजे खरंच कमालीची गोष्ट आहे, कारण डाऊनी हा द्राक्षावरचा रोग येणार की नाही हे पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान काय होतं यावर बरंचसं ठरतं, आणि ते आधी कळलं तर उगाच होणारी एखादी फवारणी वाचते, पैसा वाचतो, औषधाचा अंशही कमी राहतो. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत मामा सकाळी उठल्याउठल्या आधी मोबाइल बघतात. त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो, हे मी आधीच सांगून ठेवते, पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मी या उपकरणांच्या विरोधात आहे.

तर थंडीची लाट होती. निफाडची थंडी म्हणजे काय हे पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहितीय, पारा खाली गेला की द्राक्षाचा मणी तडकतो, फुगवण थांबते, म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकनं विहिरीचं पाणी सोडतात कारण ते त्यामानाने कोमट असतं. पहाटे मामांचा फोन. अगं, मोबाइलवर साडेआठ डिग्री दाखवतंय, आणि इकडे माझी बोटं वळेनात. पेटवू का नको? मी म्हटलं, मामा, आकड्याच्या खाली अगदी बारीक अक्षरात वेळ असेल ती वाचा. थांब, चष्मा आणतो म्हणाले. मग जरा वेळानं, अकरा वीस लिहिलंय. म्हणजे रात्री अकरा वीसला शेवटचा डेटा आलेला, त्यानंतर टॉवर गेला की बॅटरी बसली देव जाणे, आणि तोच आकडा, त्याच मोठ्या ठळक हिरव्या अक्षरात, पहाटेपर्यंत स्क्रीनवर. मी म्हटलं, पेटवा. मामी तोवर शेडमधलं काचेचं साधं थर्मामीटर बघून आल्या होत्या, त्यात पाच होतं.

दुपारी मामा पुन्हा बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण जे बोलले ते मी कुठल्याही ट्रेनिंगमधे यापेक्षा नीट ऐकलेलं नाही. म्हणाले, त्याला दिसत नव्हतं तर तसं सांगायचं ना त्यानं. बंद पडलोय म्हणाला असता तर मी रात्री झोपायच्या आधीच थर्मामीटर बघायला उठायचं ठरवलं असतं. त्यानं साडेआठ म्हटलं म्हणून मी झोपलो.

मी त्या कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं, नेटवर्क नसताना ग्राहकाला स्क्रीन रिकामी दिसू नये म्हणून शेवटची व्हॅल्यू ठेवतो असं. हे उत्तर मी नंतर बऱ्याच ठिकाणी ऐकलंय, आणि ते वाईट हेतूनं दिलेलं नसतं हेही मला माहितीय. ॲप बनवणाऱ्याला रिकामी जागा म्हणजे बिघाड वाटतो, ग्राहक तक्रार करेल, रेटिंग कमी देईल. पण रात्री झोपायचं की जागायचं हे ज्याला ठरवायचंय त्याच्यासाठी ती रिकामी जागा हीच बातमी होती.

आणि यातलं दुःख असं की तंत्र उपलब्ध आहे. अशी बरीचशी उपकरणं एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीनं निरोप पाठवतात. ती १९९९ मधे तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी बनवली गेली, सॅटेलाइटच्या महागड्या आणि बेभरवशाच्या लिंकवरून, अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर या दोघांनी. म्हणजे लिंक तुटणार हे गृहीत धरूनच ती लिहिलेली आहे. त्यात उपकरण जोडलं जातानाच सर्व्हरकडे एक निरोप ठेवून देऊ शकतं, की मी न सांगता गायब झालो तर माझ्या वतीनं हे सगळ्यांना कळव. बस, एवढंच हवं होतं मामांना. पण त्याच एमक्यूटीटीमधे दुसरी सोय आहे, शेवटचा निरोप सर्व्हरवर जपून ठेवायचा आणि जो कुणी नवीन येईल त्याला लगेच द्यायचा. ही दुसरी सोय सगळे वापरतात, कारण ॲप उघडल्याबरोबर आकडा दिसतो. पहिली वापरायची तर बसून विचार करावा लागतो, की सेन्सर गेल्यावर स्क्रीनवर काय दिसावं, कुणाला फोन जावा, किती मिनिटांनी जावा.

दवाखान्यातल्या यंत्रांमधे हा विचार जास्त मुरलेला आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे घरोघरी ऑक्सिमीटर आले, आशाताई दारोदार फिरून बोटाला लावून रीडिंग घेत होत्या, ९४ च्या खाली आलं की घरात धावपळ. या यंत्रामागची मूळ कल्पना ताकुओ आओयागी या जपानी इंजिनीअरची, निहोन कोहदेन कंपनीत, १९७० च्या दशकात. ते खरं तर वेगळंच काहीतरी मोजत होते, हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते, रक्तात रंग सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून. त्यांच्या मोजमापात नाडीच्या ठोक्यांचा गोंधळ सारखा मधे यायचा. तो गोंधळ काढून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की हा जो भाग ठोक्याबरोबर हलतोय तो फक्त धमनीतल्या रक्ताचा आहे, मग लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांत त्याची तुलना केली की ऑक्सिजन कळेल. काकांची थरथर आणि आओयागींची थरथर, मला या दोन्ही गोष्टी कायम शेजारी शेजारी आठवतात. आओयागी एप्रिल २०२० मधे गेले, जगभर त्यांचं यंत्र सगळ्यात जास्त लागत होतं त्याच दिवसांत.

हॉस्पिटलच्या मॉनिटरवर ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी एक लाट धावत असते, ती यासाठीच. लाट चांगली उमटतेय तर आकड्यावर विश्वास ठेवायचा, लाट वेडीवाकडी किंवा सपाट असेल तर बोट थंड पडलंय, रुग्ण हलतोय, नेलपॉलिश आहे, काहीतरी आहे, आकडा सोडा आणि आधी माणसाकडे बघा. नर्सेसना हे पक्कं माहीत असतं. घरच्या स्वस्त ऑक्सिमीटरमधे बऱ्याचदा एवढुशी दांडी वरखाली होते आणि तिचा अर्थ कुणी कुणाला सांगितलेला नसतो. आणि लाट चांगली असली तरी सगळं ठीक असतं असंही नाही, डिसेंबर २०२० मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघालं. त्वचेचा रंग प्रकाश शोषतो, आणि कॅलिब्रेशन करताना सगळ्या रंगांची माणसं पुरेशी घेतलेली नसतात. आपल्या देशात बसून हे वाचताना मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले.

याच्या अगदी उलट टोकाला एक सेन्सर आहे ज्याला ना बॅटरी ना नेटवर्क, तो म्हणजे लसीच्या बाटलीवरचा व्हीव्हीएम, लसीला किती उष्णता लागली ते दाखवणारी खूण. पोलिओच्या बाटलीवर १९९६ मधे पहिल्यांदा आला. एक गोल, त्याच्या आत फिकट चौकोन, जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जातो आणि परत कधी फिकट होत नाही. चौकोन गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेल्या सिस्टर एक नजर टाकतात आणि बाटली उघडतात. त्याला गप्प बसताच येत नाही, म्हणून तो मला इतका आवडतो.

आणि काही सेन्सर असे असतात की ज्यांचं कामच वर्षानुवर्षं गप्प बसणं असतं. कोयनेच्या धरणात, भिंतीच्या आतल्या गॅलरीत, भूकंपाचे जोरदार धक्के नोंदवणारं ॲक्सिलरोग्राफ बसवलेलं होतं. असं यंत्र धक्का लागला तरच जागं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे भेगा गेल्या, पण धरण उभं राहिलं. आणि त्या यंत्रानं नोंद केली, धरणाच्या लांबीच्या दिशेनं ०.६३ जी इतकी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या ०.६३ पट. ती नोंद आज जगभर काँक्रीटच्या धरणांच्या अभ्यासात वापरतात, नवीन कॉम्प्युटर मॉडेल बनवलं की ते आधी कोयनेवर चालवून बघायचं अशी जवळजवळ पद्धतच पडलीय. मी जेव्हा जेव्हा ते आलेख बघते तेव्हा माझ्या मनात त्या यंत्राची देखभाल येते. त्या पहाटेच्या आधी कुणीतरी त्याची बॅटरी बघितली असणार, ते जागं होतंय की नाही हे तपासलं असणार, रजिस्टरमधे सही केली असणार. काहीच घडत नसताना केलेली ती कामं. बन्सफील्डच्या स्विचचं कुलूप त्याच जातीचं काम होतं.

सध्या मी जिल्ह्यातल्या काही दूध संकलन केंद्रांच्या बल्क कूलरवर, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाक्यांवर, टेम्परेचर बसवायचं काम करतेय. दूध येतं तेव्हा कोमट असतं, ते काही तासांत ४ डिग्रीपर्यंत खाली आणून तिथेच ठेवायचं असतं, नाहीतर सगळी टाकीच्या टाकी नासते, आणि ते नुकसान शेवटी कुणाकुणाच्या दोन-दोन म्हशींवर येऊन पडतं. टाकीच्या खोबणीत पीटी१०० हा तापमानाचा सेन्सर, शून्य डिग्रीला १०० ओहम, शंभरला १३८.५, साधा आणि भरवशाचा. अडचण सेन्सरची नाहीच, अडचण लाइट जाते तेव्हाची. लाइट गेली की कूलर बंद, आणि राउटरही बंद. म्हणजे दूध तापायला लागतं नेमकं त्याच वेळी निरोप थांबतात.

आम्ही नियम असा ठेवला की दहा मिनिटं डेटा आला नाही की स्क्रीनवरचा आकडा काढायचा, तिथे नुसती आडवी रेघ आणि शब्दांत ‘माहिती नाही’, आणि सर्व्हरनं स्वतःहून केंद्रचालकाला फोन लावायचा. डेमोच्या दिवशी चेअरमन साहेब नाराज झाले. म्हणाले, मॅडम, एवढे पैसे घालून स्क्रीनवर रेघा बघायच्या का आम्ही? शेवटचा आकडा तरी राहू द्या, बरं दिसतं. मी त्यांना म्हटलं, साहेब, लाइट जायच्या आधी चार डिग्री होतं, ते चार रात्रभर दिसत राहिलं तर जनरेटर कोण चालू करेल? ते लगेच मानले नाहीत. मग एका केंद्रचालकानं, वयानं बरेच मोठे गृहस्थ, मागे बसले होते, त्यांनी तोंड उघडलं, की रेघ राहू द्या साहेब, मला रात्री फोन आला तर मी उठेन, चार आकडा दिसला तर मी उठणार नाही. त्यावर चर्चा संपली.

आता पुढचं काम फोनचं आहे. पहिला फोन उचलला नाही तर दुसरा कुणाला, तिसरा कुणाला, ही यादी प्रत्येक केंद्राची वेगळी आहे आणि ती सर्व्हरवर बसून बनत नाही. म्हणून सध्या संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी एकेका गावात जाऊन विचारतेय, रात्री दोन वाजता कुणाचा फोन चालू असतो, जनरेटरची चावी कुणाकडे असते, आणि तो माणूस लग्नाला वगैरे बाहेरगावी गेला तर मग कुणाकडे.